माझ्या खुर्चीच्या पोटात

आधीच सांगते, मला माझ्या भावाचा आणि भावजयीचा अभिमान आहे, आणि तो मी आडपडद्याने सांगणार नाही. लोक आपल्या पोरांच्या टक्क्यांबद्दल तास तास बोलतात आणि मी निमूट ऐकून घेते. आता माझी पाळी.

टपाल कचेरीत मी एकतीस वर्षं पत्रांच्या छाटणीला होते. पाकीट हातात आलं की आत पत्रिका आहे की वसुलीची नोटीस, ते मला न फोडता कळतं. नोटिशीचं पाकीट लांबट असतं, त्याला पत्त्यापुरती खिडकी असते, आणि त्यावरचा पत्ता कधी चुकलेला नसतो. मायेने लिहिलेल्या पत्रांवरचे पत्ते मात्र निम्मे चुकीचे. निवृत्त झाले आणि धाकट्याकडे राहायला आले. धाकटा म्हणजे माझा भाऊ. पन्नाशीला टेकला, तरी मला तो धाकटाच.

धाकटा कुशनचं काम करतो. जुने सोफे, खुर्च्या उसवायच्या, आतला भुसा झालेला फोम काढायचा, पट्टे ताणायचे, नवं कापड चढवायचं. खाली गाळा, वर दोन खोल्या. गाळा आमच्या वडिलांचा, तेही हेच काम करायचे. कापड बेतायचं आणि शिवायचं ते भावजयीने, ठोकायचं ते धाकट्याने. ठोकताना बारीक खिळे तो तोंडात धरतो आणि जिभेने एकेक पुढे आणतो. दिवसातले आठ तास तोंडात खिळे, त्यामुळे बोलणं बेताचंच. भावजय लग्न होऊन आली तेव्हा महिनाभर तिला वाटत होतं की नवरा रुसलाय.

वरच्या खोलीत खिडकीशी वडिलांनी स्वतः बांधलेली उंच पाठीची खुर्ची आहे. ती माझी. सकाळी चहा घेऊन मी तिच्यावर बसते ती जेवायलाच उठते. टपाल मीच घेते. जन्मभर दुसऱ्यांची पत्रं हाताळली, आता घरची हाताळते, एवढाच फरक.

तर तीनेक वर्षांपूर्वी लांबट पाकिटं यायला लागली. धाकट्याच्या नावाची, आणि भावजयीच्याही नावाची. त्याची मी त्याला द्यायचे, तिची तिला. तो म्हणायचा, "ताई, हिला बोलू नकोस." ती म्हणायची, "ताई, ह्यांच्या कानावर घालू नका, आधीच डोक्याला ताप आहे त्यांच्या." मी दोघांनाही मान डोलावली. दुसऱ्याच्या टपालाबद्दल तोंड उघडायचं नाही, हे आमच्या कचेरीत पहिल्या दिवशी शिकवतात. कचेरीतली शिस्त घरात आणली, हा माझा मूर्खपणा, आणि तो मी कबूल करते.

झालं होतं असं, की एका हॉटेलची मोठी ऑर्डर मिळाली म्हणून धाकट्याने गाळ्याचे कागद तारण ठेवून फोम कापायचं मशीन घेतलं. हॉटेलवाल्याने माल उचलला, पैसे बुडवले आणि हॉटेलला टाळं लावून गेला. मग मशीनचा हप्ता भरायला दुसरं कर्ज, दुसऱ्याचा भरायला तिसरं, आणि फोमवाल्याची उधारी वेगळीच. घरात पैसे कमी यायला लागले तशी भावजयीने बचत गटातून उचल घेतली, आणि पोरगी परगावी नर्सिंग शिकते तिच्या फीसाठी पतपेढीतून. नवऱ्याला सांगितलं, फीमाफी मिळाली. त्याने विश्वास ठेवला. माणूस स्वतः खोटं बोलत असला की दुसऱ्याचं खोटं बघायला त्याला वेळ नसतो.

मध्येच एकदा माझ्या चार सोन्याच्या बांगड्या मी धाकट्याच्या हातात ठेवल्या. विकून टाक म्हटलं, हप्ता भर. माझ्या दोन अटी होत्या. परत करायच्या नाहीत आणि बायकोला सांगायचं नाही. भावजयीने विचारलं तेव्हा मी म्हटलं, हात सुजतात गं माझे, बँकेत ठेवल्यात. म्हणजे एका घरात तीन माणसं आणि तिघांची तीन खोटी. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. आमच्या मुठीत त्याहून बरंच जास्त होतं.

मग एके दुपारी मला पाठीशी काहीतरी टोचायला लागलं. धाकटा खाली होता. मी भावजयीला म्हटलं, "या खुर्चीचं काय झालंय बघ. एवढे कारागीर घरात, आणि माझ्या पाठीला गाठी."

तिचा चेहरा उतरला. तेव्हा मला कारण कळलं नाही. "मी बघते, ताई. तुम्ही तोवर पडा जरा," म्हणाली. मी कशाला पडतेय? तिथेच उभी राहिले. तिने खुर्ची उलटी केली. खालचं काळं अस्तर एका कोपऱ्यात दोनच खिळ्यांवर होतं. ते तिने माझ्याकडे पाठ करून अंगठ्याने चाचपलं, जागेवर आहे ना एवढंच बघितलं. मग खुर्ची सरळ केली, पाठीवरून हात फिरवला, आणि पाठीच्या खालच्या कडेला तिचा हात थांबला.

"ही शिवण माझी नाही," ती म्हणाली. "आणि मामंजींचीही नाही."

वडिलांचे टाके तीस वर्षांचे, दोरा पिवळा पडलेला. मधले वीतभर टाके नवे होते, बाकदार सुईने घातलेले, एकसारख्या अंतराचे. लपवाछपवी करतानासुद्धा धाकट्याला वाकडा टाका घालवला नव्हता. चोराने चोरी करून खोली झाडून जावं, तसं.

तिने उसवलं नाही. जिन्यातून हाक मारली, "अहो, वर या." तो आला, तोंडात खिळे. तिने कात्री त्याच्या हातात दिली. "हे तुम्हीच उसवा."

त्याने खुर्चीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तळहातावर एकेक खिळा काढून ठेवला. मी मोजले, अकरा होते. मग खाली बसून टाके कापले. आतून लांबट पाकिटं निघाली, घडी करून दाबून बसवलेली. सतरा. भावजयीने खुर्ची परत उलटी केली, अस्तराचे दोन खिळे उपटले आणि आपली नऊ पाकिटं त्याच्या सतरांशेजारी जमिनीवर मांडली.

दोघांना एकच खुर्ची सुचली होती. का, तर ताई तिच्यावरून उठत नाही. म्हणजे त्या घराच्या सगळ्या कर्जावर मी सहा महिने बसून चहा पीत होते.

मला शांतता सोसत नाही, म्हणून मी म्हणाले, "मला माहीत होतं."

"दोघांचं?" भावजयीने विचारलं.

"दोघांचं."

नवराबायको त्या दिवशी पहिल्यांदा एक झाले ते माझ्यावर चिडायला. मी ऐकून घेतलं. चूक माझी होती, आणि त्यांना कोणावर तरी एकत्र चिडायची गरज होती. मग चिडता चिडता भावजयीला रडू फुटलं आणि धाकटा तिच्याशेजारी जमिनीवर बसला. "मला वाटलं तू घाबरशील," तो म्हणाला. "मला वाटलं तुम्ही खचाल," ती म्हणाली. मी चहा टाकला.

चहा झाल्यावर तिने कापड बेतायचा खाकी कागद आणला आणि एकेक पाकीट वाचून त्यावर यादी केली. बेरीज आठ लाख नव्वद हजार. सर्वांत मोठी रक्कम गाळ्यावरची, आणि त्या कंपनीने लिहिलं होतं की पंधरा महिन्यांत ती फेडा, नाहीतर गाळा जप्त. गाळा गेला की काम गेलं, वरच्या खोल्याही गेल्या.

"ज्याला कागद नाही असं काही आहे?" तिने विचारलं.

धाकट्याने माझ्याकडे पाहिलं. मी हळूच मान हलवली, नाही म्हणून. त्याने रिकामे कप गोळा करायला घेतले. तिने यादीच्या शेवटी एक रेघ ओढली आणि तिच्याखाली एक ओळ मोकळी सोडली. मला वाटलं, कागद उरला म्हणून सोडली असेल.

आता त्यांनी काय केलं ते सांगते, कारण अभिमान त्याचाच आहे. कर्ज काय, कोणीही करतं.

पहिलं म्हणजे, यादी आणि पाकिटं त्यांनी परत माझ्याच खुर्चीत ठेवली, पण बैठकीच्या पुढच्या कडेला शिवण न घालता पाच बटणं लावली. घरातल्या कुणीही कधीही उघडावं. दर रविवारी सकाळी मला उठवायचं, बटणं काढायची, दोघांनी मिळून यादी वाचायची. मी कुरकुर करायचे की चहा तरी संपू द्या. त्यांनी एकदाही संपू दिला नाही.

दुसरं, सावकार असो की फोमवाला, कुणाकडेही एकट्याने जायचं नाही. फोमवाल्याकडे गेले तेव्हा तो भावजयीला म्हणाला, "वहिनी, तुम्ही कशाला त्रास घेतलात, आम्ही पुरुष पुरुष बघून घेतलं असतं."

"पुरुष पुरुष बघूनच नव्वद हजार झाले," ती म्हणाली. "आता जरा बाई बघू दे." महिन्याला सहा हजार द्यायचे आणि माल रोखीने घ्यायचा, यावर तो कबूल झाला. हे मला धाकट्याने सांगितलं, आणि सांगताना त्याच्या तोंडात एकही खिळा नव्हता.

तिसरं सगळ्यात महत्त्वाचं. धाकटा गिऱ्हाइकाला किंमत सांगताना लाजतो. तीन हजाराचं काम, समोरच्याने जरा तोंड वाकडं केलं की दोन हजारांवर येतो. आणि भावजयीला नाही म्हणता येत नाही. परवा हवंय म्हटलं की परवा देते म्हणते, मग रात्रीचा दिवस. दोघांनी ठरवलं, किंमत ती सांगणार आणि तारीख तो सांगणार. गिऱ्हाइकाने त्याला किंमत विचारली की तो तोंडात खिळे भरायचा आणि बोटाने बायकोकडे दाखवायचा. तिला तारीख विचारली की ती मशीनचं पायडल मारायची, जणू ऐकूच आलं नाही. सहा महिन्यांत गाळ्याची मिळकत जवळजवळ दीडपट झाली, आणि काम होतं तेवढंच. पंचवीस वर्षं दोघं नेमकी उलटी कामं करत होते, हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. माझ्यासुद्धा नाही, आणि मला सगळं कळतं असा माझा समज आहे.

फोम कापायचं मशीन विकलं. एक लाख चाळीस आले. ते टेम्पोत चढवताना धाकट्याने त्याच्यावरची धूळ पुसली. मी म्हटलं, "जातंय ते, आता कशाला पुसतोस?" तो म्हणाला, "मशीनची काय चूक?"

सगळं सरळ झालं असं समजू नका. आठव्या महिन्यात पुन्हा एक लांबट पाकीट आलं, धाकट्याच्या नावाचं, अनोळखी पतपेढीचं. मी ते हातात घेऊन बसले. जुनी मी असते तर गुपचूप खाली नेऊन दिलं असतं. या वेळी जेवणाच्या वेळी दोघांच्या ताटांच्या मधोमध ठेवलं आणि भाजी वाढायला लागले.

भावजयीने फोडलं. धाकटा एका सुताराला जामीन राहिला होता, दोस्त म्हणून. सुताराने हप्ते थकवले, साठ हजार धाकट्याच्या गळ्यात.

"हे यादीत का नव्हतं?" ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, त्यामुळे मला जास्त भीती वाटली.

"ते माझं कर्ज नव्हतंच. मी नुसती सही केली होती."

"सही म्हणजे काय फूल काढलं होतंत का कागदावर?"

दोन दिवस ती त्याच्याशी बोलली नाही. तिने बॅग भरली असती तरी मी तिला दोष दिला नसता. मी भावाला सांगून टाकलं, "ही गेली तर मी तिच्याबरोबर जाईन. तू बस खिळे चघळत." तिसऱ्या दिवशी सकाळी ती गाळ्यात आली, पदर खोचला आणि म्हणाली, "चला. सुताराकडे. दोघं."

त्याच सुमारास एका नाट्यगृहाच्या दोनशे साठ खुर्च्यांचं काम आमच्याकडे आलं होतं. निम्म्या खुर्च्यांच्या लाकडी चौकटी खिळखिळ्या झालेल्या, आणि त्या कुणाकडून दुरुस्त करून घ्यायच्या याचीच चिंता होती. भावजयीने सुतारापुढे कागद ठेवला. पैसे नाहीत ना? मग दोनशे साठ चौकटी तपासायच्या, मोडक्या दुरुस्त करायच्या. त्याची मजुरी आम्ही पतपेढीत भरू, तुमच्या नावाने, पावती तुम्हाला. सुतार आधी खाली बघत होता. मग उठून करवत शोधायला लागला. तिला म्हणाला, "वहिनी, तुम्ही पोलीस का नाही झालात?"

नऊ आठवडे नाट्यगृहाच्या रिकाम्या प्रेक्षागृहात ते काम चाललं. मीही जायचे. जुने खिळे उपटून डब्यात टाकणं माझ्याकडे. रांगेच्या एका टोकाला धाकटा, दुसऱ्या टोकाला भावजयीचं मशीन. ती खोळ शिवून पुढे सरकवायची, तो ठोकत मागे यायचा, आणि दोघं मधल्या खुर्चीशी भेटायचे. तिथे पाणी प्यायचे आणि पुढची रांग धरायचे. व्यवस्थापक म्हणाला, जुन्या कापडावरच नवं चढवा, वेळ वाचेल, कोण बघतंय आत? धाकट्याने खिळे काढले आणि आपणहून उत्तर दिलं. "आत काय आहे ते बसणाऱ्याला कळतं, साहेब." मग माझ्याकडे बघून ओशाळला. मी हसले नाही, म्हणजे मोठ्याने नाही.

पंधरा महिन्यांना अकरा दिवस उरले असताना गाळ्याचं कर्ज फिटलं. कंपनीकडून लांबट पाकीट आलं, पण जाड. मी हातात घेताच ओळखलं की आत गाळ्याचे कागद आहेत. तरी फोडलं नाही. जिन्यावरून हाक मारली, "दोघं वर या." दोघांनी एकेका कडेने धरून ते फाडलं. धाकटा वडिलांच्या सहीवर बोट ठेवून बराच वेळ उभा होता. मी रडले. का नाही रडणार, वडिलांनी त्याच गाळ्यात बसून मला बाराखडी शिकवली होती.

यानंतर वर्षभरात उरलेली सगळी कर्जं फिटली. शेवटची पतपेढी. मला वाटलं, आता दूध एक लिटर येईल, रविवारी गाळा बंद राहील. पण दूध अर्धाच लिटर. रविवारीही ठोकाठोक. भावजयीने चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली, ती तशीच. आणि रविवारची यादी वाचणं बंद. मी विचारलं तर दोघंही म्हणायचे, "काही नाही, ताई." काही नाही म्हटलं की काहीतरी असतं, हे मला टपाल कचेरीने शिकवलंय.

चार महिने असेच गेले. मग एका सकाळी मी खुर्चीवर बसायला गेले तर पुढच्या कडेची पाच बटणं गायब. तिथे शिवण घातलेली.

माझं डोकंच फिरलं. एवढं सगळं करून पुन्हा तेच? पुन्हा कागद लपवायला माझीच खुर्ची? दोघंही खाली होते. मी भावजयीची कात्री घेतली आणि वाकून बघितलं, कोणाची शिवण आहे ते आधी कळू दे, म्हणजे कोणाला झाडायचं ते ठरेल. डावीकडून अर्ध्यापर्यंतचे टाके धाकट्याचे होते, ते सारख्या अंतराचे. उजवीकडून अर्ध्यापर्यंत भावजयीचे, बारीक, जवळ जवळ. मधोमध दोन्ही दोरे एकत्र गाठ मारलेले. म्हणजे दोघांनी मिळून लपवलं होतं, आणि लपवलं होतं माझ्यापासून. मी सगळी शिवण टराटरा उसवली.

आत खाकी कागदाची यादी होती, सगळ्या ओळींवर काट मारलेली. रेघेखालची ती मोकळी ओळ आता मोकळी नव्हती. भावजयीच्या अक्षरात लिहिलं होतं, "ताईंच्या बांगड्या, चार." शाई जुनी झालेली, वरच्या ओळींइतकीच जुनी. म्हणजे पहिल्याच आठवड्यात धाकट्याने तिला सांगून टाकलं होतं, आणि तिने माझ्यासमोर तोंड न उघडता लिहून ठेवलं होतं. त्या ओळीवर ताजी काट होती. कागदाखाली कापडात गुंडाळलेल्या चार बांगड्या.

नव्या होत्या, ते झगझगाटावरूनच कळत होतं. माझ्या विकल्या त्यानंतर सोन्याचा भाव कुठल्या कुठे गेलाय. चार महिन्यांचं अर्धा लिटर दूध आणि रविवारची ठोकाठोक माझ्या हातात होती. माझ्या जुन्या चारांपैकी एकीला पोचा होता, कचेरीच्या लोखंडी कपाटात हात अडकून आलेला. या नव्या चारांपैकी एकीला बरोबर तिथेच पोचा होता.

मी जिना उतरले. धाकटा सोफ्याला कापड ठोकत होता, भावजय मशीनवर. मी पोचा त्याच्या नाकासमोर धरला. "नव्याकोऱ्या सोन्यावर हातोडी चालवलीस?"

त्याच्या तोंडात खिळे होते. भावजयच बोलली. "दोन दिवस माझ्या हातात काचेची बांगडी घालून मोजत होते, ताई. कुठे होता, किती खोल होता. मी म्हटलं, सोन्याचं नुकसान कशाला? तर म्हणाले, नाहीतर ताईच्या वाटणार नाहीत त्या."

मी चारही बांगड्या घातल्या. हात सुजतात माझे, हे खोटं होतं, हेही त्यांना माहीत होतं. मग धाकट्याला म्हटलं, "वर चल. खुर्ची उसवलीय मी, बसायला जागा नाही." दोघं आले, एक डावीकडे बसला, एक उजवीकडे. "शिवू का बटणं लावू?" भावजयीने विचारलं. मी म्हटलं, बटणं लावा, काय भरवसा तुमचा.

आता कुणी विचारलं की एका बांगडीला काय झालं, तर मी सांगते, माझ्या भावाने हातोडीने ठोकलीय ती. विचारणारी बाई गप्प होते, तिला वाटतं भावाबहिणीचं भांडण झालं. मी तिला तसंच समजू देते आणि हात जरा जास्तच पुढे करून चहाचा कप उचलते.